नवऱ्याकडे जर्मनीला जायचंय, पण कागदांवर मी तीन वेगवेगळ्या बायका आहे

पूर्वभागातली
७ सप्टेंबर २०२५, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, वाचते खूप पण धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लग्नाला येत्या डिसेंबरात दोन वर्षं होतील. नवरा स्टुटगार्टजवळ नोकरीला, ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळतो तो परवाना). ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जर्मन भाषेची ए-वन परीक्षा लागत नाही म्हणून आम्ही खूश होतो की चला मोठा अडथळा गेला, बाकी काय कागदच तर द्यायचेत. आणि त्या कागदांनीच घात केला.

सांगते नीट. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. माझा जन्म १९९६ चा, सोलापूरच्या साखर पेठेतल्या घरी, सुईणीच्या हातचा. जन्मदाखल्यावर माझं नावच नाही, फक्त 'स्त्री' लिहिलंय. वडिलांचं नाव आमच्या पद्धतीने, म्हणजे आडनाव आधी मग नाव. आईचं नाव तर तिला घरात ज्या नावाने हाक मारायचे ते. दहावीच्या सर्टिफिकेटवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं मराठी पद्धतीने आणि त्यावरून पासपोर्ट, तो २०१९ ला काढलेला. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दाखल्यावर दोन 'एल', पासपोर्टवर एक. आणि लग्नाचं सर्टिफिकेट, नमुना ई, ते ज्या एजंटाकडून करून घेतलं त्याने फॉर्ममध्ये माझं नाव लग्नानंतरचं टाकलं, म्हणजे माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. आम्ही सही करताना बघितलंच नाही, लग्नाच्या गडबडीत कोण बघतंय.

आता जूनमध्ये जर्मन व्हिसाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज टाकला तर परत आलं की पासपोर्टवरची बाई आणि लग्नाच्या दाखल्यावरची बाई एकच आहे हे कशावरून, जन्मदाखला पण द्या. जन्मदाखल्यावर तर बाईच नाही, नुसती मुलगी आहे!

एजंट म्हणतो अ‍ॅफिडेव्हिट करू, पाचशेच्या स्टँपवर, 'वन अँड द सेम पर्सन'. केलं. पुन्हा परत. आतापर्यंत त्याला पस्तीस हजार दिलेत. आता तो म्हणायलाय गॅझेट करा (म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून आणा), पासपोर्ट बदला, त्याचे वेगळे पैसे. कुणी यातून गेलंय का? नवरा रोज फोनवर विचारतो काय झालं आणि मला रोज तेच सांगायला लाज वाटायलीय.

शेंगाचटणी
७ सप्टेंबर, रात्री ११:३२

अक्का धागा वाचून हसू का रडू कळेना. आमच्या घरात पाच भाऊबहिणी, आडनावाच्या चार स्पेलिंगा. शाळेत मास्तर जे ऐकू आलं ते लिहायचे, रेशन कार्डवाल्याने त्याला जे ऐकू आलं ते लिहिलं, आणि मतदार यादीत तर आमचे आजोबा बाई आहेत. सोलापूरचं असंच हाय, घरात तेलुगू नाहीतर कन्नड, ऑफिसात मराठी, कागद इंग्रजी.

उपाय माहीत नाही पण धाग्यावर लक्ष ठेवतो.

जुळेसोलापूरकर
८ सप्टेंबर, सकाळी ६:५०

कशाला जाता म्हणतो मी. इथे काय कमी आहे. बरं जायचंच तर जा पण दोन वर्षं नवराबायको वेगळे, हे काय लग्न झालं का. माझा मुलगा कॅनडात, आम्हा दोघांना सुपर व्हिसा काढला त्याने, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं म्हणे. कमीत कमी एक लाख कॅनडियन डॉलरचा मेडिकल इन्शुरन्स लागला, तपासणी लागली, बास. नावाचा काही प्रॉब्लेम आला नाही. तुमच्या एजंटाने घोळ घातला आहे.

पूर्वभागातली
८ सप्टेंबर, सकाळी ९:०५

काका, तुमचं नाव सगळीकडे एकच असेल हो. माझं नाही ना. आणि इथे काही कमी नाही, नवरा कमी आहे.

हुतात्मा_एक्सप्रेस
८ सप्टेंबर, दुपारी १:२०

ताई, मी मूळचा सोलापूरचाच, आता पुण्यात. माझ्या बहिणीचं हेच झालं होतं, तीही जर्मनीलाच गेली, म्हणून सविस्तर लिहितो, लांब होईल.

पहिली गोष्ट, आता एकही नवीन कागद काढू नका. गॅझेट नको, पासपोर्ट बदल नको, आणखी अ‍ॅफिडेव्हिट तर अजिबात नको. तुमच्याकडे आत्ता तीन नावं आहेत, गॅझेट केलं की चौथा कागद होईल आणि तो का केला हे सांगायला पाचवा.

दुसरी, अ‍ॅफिडेव्हिट का चाललं नाही ते समजून घ्या. अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे तुम्हीच तुमच्याबद्दल शपथेवर सांगितलेलं. आपल्याकडे बँकेत, कॉलेजात, सगळीकडे ते चालतं म्हणून आपल्याला सवय झालीय. पण तिकडचा माणूस विचार करतो की रजिस्टरमध्ये काय लिहिलंय. तुम्ही म्हणताय ती मीच, ठीक, पण रजिस्टर काय म्हणतं? म्हणून रजिस्टरच दुरुस्त करायचं.

तिसरी, मूळ कागद कुठला धरायचा ते ठरवा. मी म्हणेन पासपोर्ट. कारण दहावी, कॉलेज, पासपोर्ट सगळं एका नावावर आहे आणि तुमच्या मिस्टरांनी तिकडे पत्ता नोंदवताना बायकोचं नाव पासपोर्टप्रमाणेच दिलं असणार, विचारा त्यांना. मग बाकीचे दोन कागद पासपोर्टकडे वळवून आणायचे. म्हणजे एक, जन्मनोंदीत तुमचं नाव घालायचं आणि आईवडिलांची नावं दुरुस्त करायची. दोन, लग्नाच्या दाखल्यावर वधूचं नाव लग्नाआधीचं, पासपोर्टवरचं करून घ्यायचं. नमुना ई वर खरंतर तेच असायला हवं, लग्न ज्या बाईने केलं तिचं त्या दिवशीचं नाव.

जन्मनोंदीची दुरुस्ती जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ खाली होते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात नवी नोंद करतात आणि नवा दाखला देतात. त्याला दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागतं, ज्यांना खरी गोष्ट माहीत आहे अशी. बाळाचं नाव घालायचं कलम वेगळं, १४. त्याला पंधरा वर्षांची मर्यादा आहे पण जुन्या लोकांसाठी शासन मधूनमधून मुदतवाढ देत आलंय, सध्या काय चाललंय ते काउंटरला विचारा.

एजंट लावू नका. स्वतः जा. दोन चकरा जास्त होतील पण काय लिहिलं जातंय ते तुमच्या डोळ्यासमोर लिहिलं जाईल.

पूर्वभागातली
८ सप्टेंबर, दुपारी २:४८

दादा किती आभार मानू. तीन महिन्यांत इतकं साध्या भाषेत कुणी सांगितलं नाही. नवऱ्याला विचारलं, हो, तिकडे पासपोर्टवरचंच नाव दिलंय.

एक शंका, माझ्या सासूबाई म्हणतात की सासरचं नाव लावलंच नाही असं होईल, लोक काय म्हणतील. आधार आणि पॅनवर सासरचं नाव आहेच.

हुतात्मा_एक्सप्रेस
८ सप्टेंबर, दुपारी ३:१५

सासूबाईंना सांगा दारावरच्या पाटीवर सासरचं आहे ना, बास. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून लागलं की तिकडे वेगळीच गंमत होते. आपल्या पासपोर्टमध्ये मधलं नाव 'गिव्हन नेम' मध्येच जातं, मग जर्मन ऑफिसात बाईच्या नावात पुरुषाचं नाव कसं असं विचारतात. बहिणीच्या पत्रांवर तिचं आणि मेहुण्यांचं नाव असं एकत्र येतं, पोस्टमनला वाटतं दोघांचं पत्र आहे.

तिकडे जाऊन नंतर बदलायचं तर बदला. आत्ता नाही.

नेदरलँड्सचा_जावई
८ सप्टेंबर, सायंकाळी ७:४०

मधेच बोलतो. अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून आपल्या सरकारचा शिक्का, केलंत का? आमच्या वेळी तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं, जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला दोन्हीवर अपोस्टील, मग इथल्या इमिग्रेशनवाल्यांनी काही विचारलं नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस
८ सप्टेंबर, रात्री ८:०२

जावईबापू, नेदरलँड्सला चालतं, जर्मनीला नाही. भारत २००५ मध्ये अपोस्टीलच्या करारात आला, पण जर्मनीने भारताच्या येण्यावर आक्षेप घेतला होता, म्हणून आपल्या दोन देशांत तो करार लागूच नाही. तरी आपल्याकडचे कितीतरी एजंट जर्मनीच्या फाइलवर अपोस्टील लावून पाच-सहा हजार घेतात. तिकडच्या ऑफिसला शंका आलीच तर ते दूतावासाकडून कागद तपासून घेतात, म्हणजे माणूस पाठवून मूळ रजिस्टर बघतात, त्याला महिने जातात आणि खर्च आपल्या अंगावर. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये म्हणून तर रजिस्टर आधी सरळ करा म्हणतोय.

पूर्वभागातली
८ सप्टेंबर, रात्री ८:१०

पाच हजार आठशे 😐 दोन कागदांचे. लावलंय अपोस्टील.

शेंगाचटणी
८ सप्टेंबर, रात्री ८:१४

फ्रेम करून भिंतीला लाव अक्का.

सात_रस्ता_७
८ सप्टेंबर, रात्री १०:५५

एवढं कशाला डोकं लावताय. पोर्टलवर स्कॅनच टाकायचंय ना. नवी पेठेत फोटोशॉपवाले बसलेत, दोनशे रुपयात एक 'एल' काढून देतात, नाव पण टाकून देतात. माझ्या मित्राने केलंय. कोण बघायला येतंय सोलापूरला.

हुतात्मा_एक्सप्रेस
८ सप्टेंबर, रात्री ११:२०

ताई, वरचं वाचून विसरून जा. काउंटरवर मूळ कागद बघतात. आणि खोटा कागद सापडला तर नुसता रिजेक्ट नाही, तो शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो.

शिवाय आधी रिजेक्ट झालं की दूतावासालाच पत्र लिहून फेरविचार मागता यायचा, रेमॉन्स्ट्रेशन म्हणायचे त्याला, पैसे पण लागायचे नाहीत. १ जुलै २०२५ पासून ते जगभर बंद केलं. आता एकतर सगळं पहिल्यापासून नवीन अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात केस. साखर पेठेतून बर्लिनला केस लढायची आहे का?

सात_रस्ता_७
८ सप्टेंबर, रात्री ११:२६

मी फक्त सांगितलं. ज्याचं त्याने बघावं.

अक्कलकोटची
९ सप्टेंबर, पहाटे ४:३०

रात्रपाळी चालू आहे म्हणून आत्ता लिहितेय. मी नर्स, इंग्लंडमध्ये. मी आले तेव्हा नवरा आणि मुलगा अक्कलकोटलाच होते, मागून आले. आम्हाला नावाचा घोळ नाही पण वेगळंच. टीबीची तपासणी लागते सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असलं की, आणि ती त्यांनी ठरवलेल्या क्लिनिकमध्येच, आपल्या डॉक्टरचा एक्सरे चालत नाही. मुलाला घेऊन नवरा पुण्याला गेला तर त्याच दिवशी क्लिनिक बंद. परत आला. परत गेला.

नर्सच्या व्हिसावर आरोग्याचा सरचार्ज माफ आहे, कुटुंबालाही. नाहीतर मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड, पाच वर्षांचे एकदम भरायचे. आणि केअर वर्कर म्हणून यायचा विचार कुणी करत असेल तर ऐका, मार्च २०२४ पासून त्यांना नवराबायको-मुलं आणता येत नाहीत आणि जुलै २०२५ मध्ये बाहेरच्या देशातून त्या कामाची नवी भरतीच बंद केलीय. तरीपण आपल्याकडे अजून लाखो रुपये घेऊन 'यूके केअर व्हिसा' विकतायत, परवाच गावाकडून एका मुलीचा फोन आला, शेत गहाण ठेवायला निघाली होती.

ताई, तुम्ही त्या सुईणीला शोधा. दोन साक्षीदार लागणार ना. जिने तुम्हाला हातात घेतलं तिच्यापेक्षा विश्वासू कोण.

पूर्वभागातली
९ सप्टेंबर, सकाळी १०:१२

सुईण वारली हो. पण शेजारच्या अक्का आहेत, बिडी वळायच्या आमच्या आईबरोबर, जन्माच्या वेळी घरातच होत्या. बघते.

कुंभारीचा_पोरगा
९ सप्टेंबर, दुपारी १२:४०

थोडं वेगळं विचारतो, धागा हायजॅक करायचा नाहीये. मी मेकॅनिकल डिप्लोमा + बीई, चार वर्षं पुण्यात काम केलं. जर्मनीच्या ऑपॉर्च्युनिटी कार्डला जावं का? नोकरी शोधायला एक वर्ष देतात ना.

हुतात्मा_एक्सप्रेस
९ सप्टेंबर, दुपारी १:३०

देतात, जून २०२४ पासून आहे ते. पण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरलेलेच पैसे काढता येतात अशा खात्यात, महिन्याला १०९१ युरोच्या हिशोबाने वर्षाचे पैसे दाखवायला लागतात, म्हणजे तेरा हजारांच्या वर युरो, आपले तेरा लाखांच्या वर. ते पैसे असले तरी भाषा नसेल तर मेकॅनिकलला नोकरी मिळणं अवघड. आधी भाषा कर, बी-वन तरी. वेगळा धागा काढ, तिथे लिहितो.

जुळेसोलापूरकर
९ सप्टेंबर, दुपारी १:५५

तेरा लाख! त्यात इथे होटगी रोडला दुकान टाकता येतं.

कुंभारीचा_पोरगा
९ सप्टेंबर, दुपारी २:०१

काका दुकानात गिऱ्हाईक पण टाकून द्या.

पूर्वभागातली
२८ सप्टेंबर, रात्री ९:४५

अपडेट द्यायला उशीर झाला. मध्ये सीनेला पूर आला त्या आठवड्यात सगळंच बंद होतं, आमच्या मावशीचं गाव मोहोळकडे, तिकडेच लक्ष होतं सगळ्यांचं.

जन्मनोंदीच्या कार्यालयात पाच चकरा झाल्या. पहिल्या दिवशी सांगितलं रजिस्टर सापडत नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं सापडलं पण साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेब होते आणि म्हणाले की इतक्या वर्षांनी नाव घालायला मुंबईहून परवानगी लागेल. मी तुमचं सांगितलेलं कलम १५ आणि समासातली नोंद हे शब्द वापरले तर ते माझ्याकडे बघायलाच लागले, मग म्हणाले बसा.

आणि दादा, रजिस्टर बघितलं मी. शाईच्या पेनने लिहिलेलं, पिवळी पडलेली पानं. आमच्या ओळीत वडिलांच्या नावापुढे धंदा लिहिलाय 'माग कामगार' आणि आईच्या पुढे 'बिडी'. वडील जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या अक्षरात सही आहे तेलुगूत, ती मी पहिल्यांदा बघितली, कारण नंतर ते सगळीकडे मराठीत सही करायचे. मी तिथेच रडले, तो क्लार्क बिचारा घाबरला, पाणी आणून दिलं.

तर आता दोन साक्षीदार. एक शेजारच्या अक्का, त्यांचं वय पंचाहत्तर. त्यांच्याकडे बिडी कामगाराचं जुनं कार्ड आहे, त्यावर आमच्याच गल्लीचा पत्ता, म्हणजे त्या तेव्हा तिथेच राहायच्या याला पुरावा झाला. दुसरे माझे शाळेचे सर. अक्कांना सही येत नाही, अंगठा. त्यांना रिक्षाने घेऊन गेले तर वाटेत विचारायला लागल्या, "तुला तिकडं न्यायला माझा अंगठा कशाला लागतोय गं, तुझा नवरा काय करतोय?"

अक्कलकोटची
२९ सप्टेंबर, पहाटे ५:१०

अक्कांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं तर इथे पण लिहा.

हुतात्मा_एक्सप्रेस
२९ सप्टेंबर, सकाळी ११:००

छान चाललंय. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून एकेक अक्षर वाचा. इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी जुळवा. आईचं नाव पण. चुकलं असेल तर काउंटर सोडू नका, एकदा खिडकीतून मागे फिरलात की परत पाच चकरा.

पूर्वभागातली
१७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

आला!! माझं नाव आहे त्यावर!! २९ वर्षांनी!

पण दादा तुमचं ऐकलं म्हणून वाचले. पहिल्या प्रिंटमध्ये आडनावात परत दोन 'एल'. मी म्हटलं चुकलंय. ते म्हणाले एवढ्याने काय होतंय मॅडम. मी म्हटलं चार महिने झालेत एवढ्यानेच. बदलून दिलं.

दिवाळीचं फराळ करायला बसलेय आता.

शेंगाचटणी
१७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४४

नामकरणाच्या घुगऱ्या कुठायत अक्का.

पूर्वभागातली
१४ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

लग्नाच्या दाखल्याचं थोडक्यात लिहिते कारण ते तुलनेने लवकर झालं. वधूच्या नावाची दुरुस्ती म्हणून अर्ज, पासपोर्ट, दहावीचं सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका. पत्रिकेवर 'चि.सौ.कां.' पुढे माझं माहेरचं नाव होतं, ते उपयोगी पडलं, पत्रिका ठेवा मंडळी, रद्दीत घालू नका. लग्न लावलेल्या स्वामींना परत न्यायला लागलं सहीला. नवरा इथे नाही म्हणून त्याची संमती कशी घ्यायची यात दहा दिवस गेले, शेवटी त्याने तिकडच्या आपल्या वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करून कुरियरने पाठवली. तिकडून येताना कुरियर मुंबईत चार दिवस पडून होतं. तेवढ्यात सासूबाई रोज विचारायच्या की आमचं आडनाव काढून टाकलंस का. मग त्यांना घेऊनच गेले ऑफिसला. तिथल्या बाईंनी त्यांना समजावलं, माझं ऐकलं नव्हतं पण त्यांचं ऐकलं.

पोर्टलवर सगळं परत टाकलंय. जुन्या अर्जातच टाकता आलं, नवीन अर्ज करायला लागला नाही, हे बरं झालं. सोबत एक साधं पत्र लिहिलं, एक पान, कुठल्या कागदात काय चुकलं होतं आणि कुठल्या तारखेला कुठल्या कलमाखाली दुरुस्त झालं. जुने दाखले पण जोडले, लपवले नाहीत.

हुतात्मा_एक्सप्रेस
१४ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

जुने जोडले हे फार चांगलं केलंत. पत्राची कल्पना मला सुचली नव्हती. बहिणीच्या वेळी आम्ही नुसते नवे कागद टाकले होते तर त्यांनी विचारलं की जुने कुठे गेले.

एजंटाने पैसे परत दिले का?

पूर्वभागातली
१४ नोव्हेंबर, दुपारी ४:२५

तो फोनच उचलत नाही. दुकानाला वेगळी पाटी लागलीय आता, झेरॉक्स आणि लॅमिनेशनची. माझा भाऊ जाऊन आला, बारा हजार मिळाले, बाकीचे सोडले.

पूर्वभागातली
६ डिसेंबर, रात्री १०:३०

बोलावणं आलं, गुरुवारी जाऊन आले. बुधवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाले, सकाळी मुंबई, स्टेशनवरच तोंड धुतलं आणि थेट व्हिसा सेंटरला. बोटांचे ठसे, फोटो, ७५ युरोची फी रुपयांत. काउंटरवरच्या मुलीने सगळे कागद उलटून बघितले, माझं ते एक पानाचं पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे कोणी लिहून दिलं?" मी म्हटलं मीच. म्हणाली, "बरं केलंत, आमचा वेळ वाचला."

पासपोर्ट तिथेच ठेवून घेतला. आता तिकडच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसची संमती येईपर्यंत थांबायचं. नवऱ्याने घराचं करारपत्र, पगाराच्या स्लिपा दिल्यात तिकडे.

जुळेसोलापूरकर
७ डिसेंबर, सकाळी ७:०५

पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे होईल काम. आमचा पण ठेवून घेतला होता. काळजी करू नको बेटा.

पूर्वभागातली
१० जानेवारी २०२६, दुपारी १२:१५

मिळाला.

काल कुरियर आलं. उघडायला हात धजेना, शेवटी भावाने उघडलं. व्हिसावर नाव पासपोर्टप्रमाणे, एक 'एल'. सगळ्यात आधी तेच बघितलं.

सहा महिन्यांचा आहे, तेवढ्यात तिकडे जाऊन पत्ता नोंदवायचा आणि मग पुढचं परमिट काढायचं. तिकीट २२ तारखेचं काढलंय, कारण गड्ड्याची जत्रा आणि अक्षता सोहळा चुकवून जाणार नाही असं आईला सांगितलं होतं. अक्कांना पेढे दिले, त्यांनी विचारलं "तिकडं पण अंगठा लागला तर?" मी म्हटलं व्हिडिओ कॉल करते.

दादा, तुम्हाला काय देऊ. पुण्यातला पत्ता कळवा, एक सोलापुरी चादर आणि कडक भाकरी पाठवते.

हुतात्मा_एक्सप्रेस
१० जानेवारी, दुपारी १२:५०

अभिनंदन!! चादर नको, घरात नऊ आहेत, सोलापूरकराच्या घरात चादरी कमी कधी पडतात. भाकरी चालतील, शेंगाची चटणी पण टाका.

जाताना मूळ जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. प्रत्येकी दोन-तीन मूळ प्रती काढून घ्या इथूनच, तिकडे मूल झालं की जन्म नोंदवायला परत हेच कागद मागतात.

शेंगाचटणी
१० जानेवारी, दुपारी १:०३

कुणीतरी मला बोलावलं का.

नई_जिंदगी_९२
११ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार, पूर्ण धागा वाचला. माझ्या बायकोच्या दाखल्यावर तिचं नाव आहे पण तिच्या आईच्या नावाच्या जागी आजीचं नाव पडलंय. आणि जन्म तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला, तालुका नंतर बदलला. आम्हाला फ्रान्सला जायचंय. एजंट म्हणतो अ‍ॅफिडेव्हिटवर काम होईल, वीस हजार म्हणतोय. देऊ का?

पूर्वभागातली
११ जानेवारी, रात्री ११:५२

भाऊ, देऊ नका. उद्या सकाळी ज्या गावात नोंद आहे तिथे जा आणि रजिस्टर दाखवा म्हणा, मूळ पान, नक्कल नाही. त्याचा फोटो काढू दिला तर काढा, नाही दिला तर वहीत उतरवून घ्या, ओळ नंबरसकट. मग इथे लिहा काय दिसलं ते. आणि बायकोच्या जन्माच्या वेळी शेजारी कोण राहायचं, ते आधी आठवायला लागा.